मधली गावे आणि संमिश्र मत

मराठी प्रवासवर्णनाला 'संमिश्र' हा शब्द फारसा मानवत नाही. आपल्याकडचा प्रवासलेखक एकतर भारावलेला असतो, नाहीतर वैतागलेला. भारावलेला असेल तर परदेशातील स्वच्छता, शिस्त, चित्रे आणि चर्चे यांच्या वर्णनात पाने खर्ची पडतात. वैतागलेला असेल तर शाकाहारी जेवणाची वणवण आणि हरवलेल्या सामानाची कथा विनोदाच्या अंगाने येते. दोन्ही प्रकारांत वाचनीय पुस्तके आहेत, यात वाद नाही. परंतु 'एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी, मला हे आवडले आणि हे सहन झाले नाही, आणि या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे' असे सांगणारा लेखक क्वचित भेटतो. संमिश्र मत म्हणजे मत बनवण्याचे टाळणे, अशी आपली एक समजूत आहे. प्रस्तुत लेखात मला या समजुतीच्या विरुद्ध बाजू मांडायची आहे, आणि त्यासाठी सायकलवरचे दोन प्रवास शेजारी ठेवायचे आहेत. एक इटलीतील, बोलोन्या ते सिएना. दुसरा सोलापूर ते तुळजापूर, वाटेत तामलवाडी.

मराठी वाचकाच्या मनातील इटली मुळात पुस्तकांतून आली. सावरकरांचे मॅझिनीचे भाषांतर १९०७ साली पुण्यात प्रसिद्ध झाले, आणि एका पिढीसाठी इटली म्हणजे मॅझिनी व गॅरिबाल्डी यांचा देश ठरला. पुढे कलेच्या इतिहासातून लिओनार्दो आणि मायकेलअँजेलो यांची इटली आली. अलीकडच्या काळात मीना प्रभू यांनी 'रोमराज्य'चे दोन भाग लिहून या देशाला मराठीत भरघोस जागा दिली. त्याच सुमारास सहल कंपन्यांची इटली मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. या साऱ्या इटली एकमेकींहून भिन्न आहेत, तरी सामान्य वाचकाच्या मनात शेवटी उरते ती मुक्कामांची इटली. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस. एका मुक्कामाहून दुसऱ्याकडे जाताना मध्ये जे असते ते बसच्या काचेतून दिसते किंवा झोपेत निघून जाते.

सायकलस्वाराला ही सोय नसते. बोलोन्याहून आग्नेयेला निघाले की व्हिया एमिलिया लागते. रिमिनी आणि पिआचेन्झा यांना जोडणारा हा रोमन रस्ता इसवी सनापूर्वी १८७ मध्ये बांधला गेला, आणि आजही तो त्याच सरळ रेषेत चालतो. नाव ऐकून मनात जे उभे राहते त्याचा मागमूस रस्त्यावर नाही. दुतर्फा गोदामे, टाइल्सची दुकाने, मोटारींचे वितरक, पेट्रोलपंप, आणि कोपराला वारा लागेल इतक्या जवळून जाणारे ट्रक. उन्हाळ्याच्या आरंभी दुपारी एकनंतर लहान गावांतील दुकाने बंद होतात. चारपर्यंत पाव मिळत नाही. मात्र बहुतेक गावांच्या चौकात पिण्याच्या पाण्याचा नळ असतो आणि तो चालू असतो. कॉफीच्या दुकानात उभ्याने प्यायलेली कॉफी बसून प्यायलेल्या कॉफीपेक्षा स्वस्त असते, त्यामुळे घामाघूम प्रवाशाला उभे राहण्याचा संकोच वाटत नाही. प्रादेशिक रेल्वेत सायकलसाठी वेगळे तिकीट काढून ती डब्यात चढवता येते. वेगवान गाड्यांत मात्र तिचे सुटे भाग करून पिशवीत बांधावे लागतात.

फोर्लीहून डावीउजवीकडच्या फळबागा मागे टाकून अपेनाइन डोंगर चढू लागले की चित्र पालटते. मुराल्योने नावाची खिंड ९०७ मीटर उंचीवर आहे. तिथे १८३६ साली वाऱ्यापासून वाटसरूंचे रक्षण करण्यासाठी बांधलेली एक भक्कम भिंत आजही उभी आहे, आणि खिंडीला नाव मिळाले ते तिच्यामुळेच. त्याच रस्त्यावर सान बेनेदेत्तो हे गाव लागते. त्याच्याजवळच्या आक्वाकेता धबधब्याचा उल्लेख दान्तेने 'इन्फेर्नो'च्या सोळाव्या सर्गात केला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून काय हवे? पण सुटीच्या दिवशी याच वळणांवर मोटारसायकलींचे तांडे घाट गाजवतात आणि दान्तेचा धबधबा त्या आवाजात बुडून जातो. मग उतार, फ्लॉरेन्सची गर्दी, आणि त्यानंतर किआंतीच्या टेकड्या. त्या टेकड्या चित्रात जितक्या सुंदर दिसतात तितक्याच सायकलवर निर्दय असतात. चढउतार संपतच नाहीत.

या प्रवासाचे मत एका वाक्यात द्यायचे झाले तर ते संमिश्रच येते. परंतु ते 'थोडे चांगले, थोडे वाईट' अशा हिशेबी बेरजेचे नाही. इटलीइतके सायकलचे कौतुक करणारे देश थोडे आहेत. जीरो द'इतालिया ही शर्यत १९०९ पासून चालू आहे. लेक कोमोजवळच्या गिझाल्लो येथील लहानशा देवळातील मेरीला पोप बारावे पायस यांनी १९४९ मध्ये सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून घोषित केले, आणि त्या देवळाच्या भिंतींवर नामवंत शर्यतपटूंच्या सायकली टांगलेल्या आहेत. असे असूनही राज्य महामार्गावर सायकलवाल्याला चाकभर जागा सोडण्याची वृत्ती जागोजाग आढळते असे म्हणवत नाही. ज्या समाजाने सायकलला देव्हाऱ्यात बसवले त्यालाच रस्त्यावर तिची अडचण वाटते. देव्हारा आणि अडचण या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असाव्यात असा माझा तर्क आहे. जी वस्तू रोजच्या व्यवहारातून बाहेर पडते तीच पूजेला लावली जाते. संमिश्र मत इथे उपयोगी पडते, कारण नुसत्या कौतुकाला किंवा नुसत्या तक्रारीला हा संबंध दिसलाच नसता.

आता दुसरा रस्ता. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास आहे. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२, पूर्वीचा २११. सोलापूर सोडले की हिप्परग्याचा तलाव लागतो, मग उळे, कासेगाव, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर तामलवाडी. पुढे माळुंब्रा, सांगवी अशी गावे मागे पडत बालाघाटच्या डोंगराचा चढ येतो आणि वर तुळजापूर. तामलवाडी साधारण मधोमध आहे. तिच्याबद्दल मराठी साहित्यात काय आहे असे कोणी विचारले तर मला उत्तर देता येणार नाही. वाहनधारकाला ती ठाऊक आहे ती टोलनाक्यामुळे. बहुतेकांच्या लेखी ती पावती फाडण्याची, आणि आता तीही न फाडता पुढे जाण्याची जागा आहे.

सायकलवर ही जागा वेगळी भासते. टोल सायकलला लागत नाही. कडेच्या मार्गिकेतून ती निमूट निघून जाते. पण हद्द मात्र जाणवते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ही नुसती जिल्ह्याची हद्द नव्हती. सोलापूर मुंबई प्रांतात होते आणि तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. एका बाजूला गिरण्यांचे शहर, दुसऱ्या बाजूला निजामाच्या नावाने ओळखला जाणारा उस्मानाबाद जिल्हा, ज्याचे नाव २०२३ पासून अधिकृतपणे धाराशिव झाले. मोटारीत ही हद्द एका पाटीपुरती असते. सायकलवर मात्र चहाच्या टपरीवर थांबावे लागते, आणि बोलण्याचा सूर हळूहळू बदलत गेलेला कानावर पडतो. इटलीतही एमिलिया संपून तोस्काना सुरू झाल्याचे पाटीच्या आधी पावाने सांगितले होते: तोस्कानाच्या पावात मीठ नसते.

टपरीवरचा प्रश्न ठरलेला असतो. "काय ओ सर, गाडी नाही का?" यात कुचेष्टा नसते, काळजी असते. ज्याला गाडी परवडते त्याने उन्हात सायकल का हाणावी, हे कोडे खरेच आहे, आणि मला त्याचे समाधानकारक उत्तर अद्याप सापडलेले नाही. या भागात सायकल चालवणारे कोण आहेत? दुधाचे कॅन लावलेला म्हातारा, शेतमजूर, शाळेला जाणाऱ्या मुली. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्याच्या मागास तालुक्यांत शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींना सायकली दिल्या जातात, आणि अनेकींचे आठवीनंतरचे शिक्षण त्या दोन चाकांवर उभे आहे. व्हित्तोरियो दे सिका यांच्या १९४८ च्या 'बायसिकल थीव्ज' या चित्रपटात नायकाची नोकरी सायकलवर अवलंबून असते. सायकल गेली की घर कोसळते. त्या इटलीत सायकल ही गरज होती, आजच्या इटलीत ती बहुतांशी हौस आहे. आपल्याकडे गरज आणि हौस एकाच वेळी, एकाच रस्त्याच्या एकाच कडेने जात आहेत. चाळीस हजारांची सायकल आणि सरकारी योजनेतील सायकल एकाच ट्रकला घाबरून खाली उतरतात. या दृश्यावर लिहिताना हौशी प्रवाशाने 'निसर्गाशी एकरूपता' वगैरे शब्द वापरणे मला अप्रशस्त वाटते.

महामार्ग गेल्या दशकात चौपदरी झाला. सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या रुग्णाचा, भाविकाचा, शेतमालाचा वेळ वाचतो, ही बाब दुय्यम नाही. तिच्याकडे दुर्लक्ष करून जुन्या अरुंद रस्त्याच्या आठवणी काढणे ही शहरी चैन आहे. पण चौपदरी रस्ता गावाच्या दृष्टीने दुभाजकही असतो. अलीकडचे शेत आणि पलीकडची शाळा यांच्यामध्ये तो उभा राहतो. मग ओलांडण्याची जागा दूर असली की माणसे आणि सायकली उलट्या दिशेने कडेकडेने येऊ लागतात. शहरातला माणूस याला बेशिस्त म्हणतो. सायकलवर असताना कळते की ही बेशिस्त रस्त्याच्या आखणीतच लिहिलेली आहे.

याच रस्त्याचे एक अगदी वेगळे रूप वर्षातून एकदा दिसते. कोजागिरीच्या सुमारास सोलापुरातून आणि कर्नाटकातून लाखो भाविक तुळजाभवानीच्या दर्शनाला पायी निघतात. त्या काळात वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवली जाते आणि महामार्ग पायांच्या स्वाधीन होतो. नवरात्रात तुळजापूरहून ज्योत घेऊन आपल्या गावाकडे धावत जाणारी तरुण मंडळेही याच रस्त्यांवरून जातात. गिझाल्लोच्या देवळाशी तुलना सहज सुचते, पण ती फार ताणू नये. तिथे सायकल भिंतीवर टांगली गेली आहे. इथे चालणे अजून चालू आहे. शिवाय पायी जाणाऱ्याला रस्त्याचे कारण ठाऊक असते. सायकल-पर्यटकाजवळ असे कारण नसते, म्हणून तो ते निसर्गात, आरोग्यात किंवा किलोमीटरांत शोधत बसतो. त्याच्या लेखनात आकडे फार येतात ते यामुळे. मला या पदयात्रेतून एवढेच घ्यावेसे वाटते, की महामार्ग ही निसर्गदत्त गोष्ट नाही. समाजाने ठरवले तर काही काळ का होईना तो पायांचा होऊ शकतो.

असे ठरवण्याचे एक इटालियन उदाहरण आहे. किआंतीतील गायोले या गावी १९९७ साली 'लेरोइका' नावाची जुन्या सायकलींची सामूहिक फेरी सुरू झाली. सिएना परिसरातील पांढऱ्या मातीचे, खडीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत हा तिच्यामागचा एक हेतू होता. त्या रस्त्यांना पुढे प्रतिष्ठा मिळाली, त्यांच्यावर व्यावसायिक शर्यतही होऊ लागली, आणि ते टिकले. अर्थात टिकण्याची किंमतही होती: पांढरा रस्ता हे पर्यटकांचे आकर्षण झाले. इथेही मत संमिश्रच होते. तामलवाडीच्या आसपासच्या गाडीवाटा आणि पाणंद रस्ते यांना असे आकर्षण व्हावे असे मी म्हणणार नाही. त्या वाटांवर राहणाऱ्यांना पावसाळ्यात चिखल नको असतो, आणि त्यांचे म्हणणे माझ्या सौंदर्यदृष्टीच्या आधी येते.

येथवर आलेला वाचक म्हणेल, हे सारे ठीक, पण साहित्याचा यात काय संबंध? संबंध असा की वाहन हे प्रवासवर्णनाच्या रचनेत शिरते. विमानाने जाणाऱ्याचे पुस्तक प्रकरणांत विभागलेले असते आणि प्रत्येक प्रकरणाला शहराचे नाव असते. सायकलवाल्याला प्रकरण कुठे संपवावे तेच कळत नाही. मराठीतील एक थोर प्रवासवर्णन याच जातीचे आहे, हा योगायोग नव्हे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला. १८५७ मध्ये वरसईहून दक्षिणेच्या आशेने निघालेला हा ब्राह्मण बव्हंशी पायी चालला. त्याच्या लेखनात भीती आहे, द्रव्याचा लोभ आहे, तीर्थाची ओढ आहे, झाशीतील कत्तल आहे, आणि लुटले गेल्याची हळहळ आहे. यांतले काहीही त्याने दुसऱ्यासाठी वगळले नाही. मुक्काम आणि मधली वाट यांना त्याच्याकडे सारखे वजन आहे. आपण त्याला इतिहासाचे साधन म्हणून वाचतो. त्याला संमिश्र मताचा आदर्श म्हणूनही वाचायला हवे.

मधली वाट वगळली की काय वगळले जाते, याची दोन उदाहरणे देतो. सेनियो ही नदी व्हिया एमिलियाला इमोला आणि फाएन्झा यांच्या दरम्यान छेदते. मोटारीतून ती एक पूल आहे. या नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जे शौर्य गाजवले, त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते अहमदनगर जिल्ह्यातले. त्याच्या आदल्या वर्षी, १० जुलै १९४४ रोजी, टायबरच्या वरच्या खोऱ्यात कुलाबा जिल्ह्यातील यशवंत घाडगे लढताना पडले. त्यांनाही तोच सन्मान मरणोत्तर मिळाला. फोर्ली या शहराजवळ भारतीय सैनिकांचे युद्धस्मशान आहे, आणि दहन झालेल्यांचे स्मारकही आहे. गोदामांचा आणि ट्रकांचा म्हणून मी ज्या रस्त्याला नावे ठेवली, त्याच्याच आसपास कोकणातली आणि देशावरची शेतकऱ्यांची मुले लढली व मेली. मराठी माणसाची इटली फ्लॉरेन्सच्या चित्रांत आहे तशी या कंटाळवाण्या सपाटीवरही आहे. सहलीची बस तिथे थांबत नाही.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे. तामलवाडीपासून एका दिवसाच्या सायकल-अंतरावर तेर आहे, म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका अनामिक व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी वृत्तांतात तगरचा उल्लेख पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या अंतरावरचे नगर असा येतो. तिथले कापड गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून, भडोच बंदराकडे नेले जाई आणि पुढे रोमन साम्राज्यात पोचे. १९३८ साली पोम्पेईच्या उत्खननात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, जी आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरलाही मिळाली. इसवी सन ७९ मध्ये पोम्पेई राखेखाली जाण्याआधी हा संबंध जुळलेला होता, आणि तो जुळवला तो बैलगाडीच्या वेगाने जाणाऱ्या माणसांनी. त्यांची नावे कोठे नाहीत. त्यांनी वाटेत पाणी कोठे प्यायले, कोणत्या गावी त्यांना कोणी काय विचारले, हेही कोणी लिहिले नाही. आपल्याला टोकाची दोन शहरे ठाऊक आहेत. मधली वाट हरवली.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांना शिकवणाऱ्यांना माझे एक सुचवणे आहे. प्रवासवर्णन वाचताना लेखकाने काय पाहिले यापेक्षा त्याने कोणते अंतर गाळले हे शोधावे. गाळलेले अंतर हे त्या लेखनाचे खरे मत असते. आणि लिहायला बसलात तर फ्लॉरेन्सच्या आधी फोर्ली लिहावे, तुळजापूरच्या आधी तामलवाडी. सायकल त्यासाठी अनिवार्य नाही. नुसते सायकलवर बसून दृष्टी येत नाही हे मी जाणतो. मोबाइलवर सरासरी वेग पाहत शंभर किलोमीटर कापणारा स्वारही विमानप्रवाशाइतकाच आंधळा असू शकतो. सायकल फक्त एक करते: मधले गाव तुम्हाला टाळू देत नाही. तहान लागते, पंक्चर होते, चढ येतो, आणि जिथे थांबायचे ठरवले नव्हते तिथे थांबावे लागते. तिथे जे मत बनते ते बहुधा संमिश्र असते. कारण तिथे आपण पाहुणे नसतो आणि आपली कोणी वाटही पाहत नसते. त्या गावाला आपल्याला खूश करण्याचे काही कारण नसते. अशा गावाबद्दल जो खरे लिहू शकेल, त्याने मुक्कामाबद्दल लिहिलेलेही मी विश्वासाने वाचेन.